तारा सैल पडू देऊ नकोस

नाशिक, रविवार संध्याकाळ

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रेवा एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेली हे वाचून फार आनंद झाला. त्याच दिवशी लिहायला बसणार होतो, पण तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून आज सवडीने लिहितोय. तिला कंट्रोल-लाइनचं विमान, म्हणजे मध्ये उभं राहून हातातल्या हँडलच्या दोन तारांवर आपल्याभोवती गोल फिरवायचं छोटं इंजिनाचं विमान, स्वतः बांधायचंय, आणि तू विचारतोस की त्यापेक्षा तयार रिमोटचं घेऊन दिलं तर? नको रे. तिला बांधू दे. रिमोटचं विमान लांब आकाशात असतं, त्याचं काय चाललंय ते डोळ्यांनी ताडायचं. हे पंधरा मीटरवर असतं आणि दोन तारांतून थेट तळहाताशी बोलतं. वारा कुठून आला, इंजिन कधी दमायला लागलं, हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. तारा ताठ आहेत तोवरच विमान आपलं. हँडल कललं की दोनपैकी एक तार ओढली जाते, पंखाच्या मध्यावर बसवलेली बेलक्रँक नावाची छोटी तरफ फिरते, तिला जोडलेली पुशरॉड, म्हणजे एक ताठ काडी, एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) हलवते आणि नाक वर किंवा खाली जातं. बाकी हातात काही नाही. रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, हलत नाही; इंजिनाचा जोर कमी-जास्त करायला थ्रॉटल नाही. तार सैल पडली की तेवढंही नाही.

आणि तारा ताठ ठेवतो तो वेग. तू गणितातला माणूस, म्हणून हिशेब मांडतो. विमान अर्ध्या किलोचं, तारा १५ मीटर, वेग ताशी ८० किलोमीटर. फेरी साधारण सव्वाचार सेकंदांत पुरी होते आणि हाताला ओढ बसते सुमारे १.७ किलोची. आता हेच विमान बरोबर डोक्यावर नेलं, तर त्याचं स्वतःचं वजन त्यातून वजा होतं, उरते १.२ किलो. अजून ठीक. पण वेग निम्म्यावर आला की ओढ पाव होते, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. विमान त्याहून जड! डोक्यावर असताना इंजिन थकलं तर ते सरळ अंगावर येतं. म्हणून पहिले अनेक दिवस रेवाने दोन मीटर उंचीवर, सपाटच उडवायचं. लूपची, म्हणजे उभ्या गोल कोलांटीची, घाई नको.

बांधतानाही हाच विचार डोक्यात ठेवायचा. पहिलं विमान सपाट फळीच्या बॉडीचं करा, ज्याला आपण प्रोफाइल म्हणायचो. दिसायला साधं, पण आपटलं तर संध्याकाळी जोडून सकाळी परत मैदानात. बॉडीला १० ते १२ मिलिमीटरचा बाल्सा (ते अगदी हलकं लाकूड), पंखाला ६ मिलिमीटरची शीट, नाकाच्या दोन्ही बाजूंना प्लायवुड. इंजिन ज्यावर बसतं त्या दोन पट्ट्या मात्र बाल्साच्या नकोत, सागाच्या घे. पुशरॉडला सायकलचा स्पोक उत्तम चालतो. एलिव्हेटर वर-खाली पंधरा-वीस अंशांपेक्षा जास्त हलू देऊ नकोस. नवशिक्याचा हात घाबरून झटका देतोच, आणि तेव्हा ही मर्यादाच विमान वाचवते.

इंजिन किंचित बाहेरच्या बाजूला वळवून बसव, दोन अंश पुरेत. रडरही बाहेरच्या दिशेला जरा वळलेला. दोन्ही विमानाला वर्तुळाबाहेर खेचत राहतात आणि तार ताठ राहते. बाहेरच्या पंखाच्या टोकाला दहा-पंधरा ग्रॅम शिसं चिकटव, कारण आतल्या पंखावर तारांचं वजन लटकलेलं असतं. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर किंवा त्याच्याही थोडा पुढे हवा. तारा पंखाच्या टोकातून बाहेर पडतात ती जागा त्या गुरुत्वमध्याच्या जराशी मागे, म्हणजे नाक किंचित बाहेर वळलेलं राहतं. शेपूट जड झाली तर विमान नुसतं चंचल होतं आणि सांभाळणाऱ्याची परीक्षा घेतं. अशा वेळी नाकात शिसं घालायला बिलकूल लाजू नका.

टाकी कशी बसवायची हे मला सगळ्यात आवडतं. गोल फिरताना इंधन बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं, आणि वेग घेताना मागे. म्हणून इंधन ओढणाऱ्या नळीचं तोंड टाकीच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात पोहोचलं पाहिजे. ते मध्येच राहिलं, तर टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडतं. पातळ पत्र्याची टाकी घरी करता येते. बाहेरच्या बाजूला निमुळती केलीस, तर शेवटचा थेंबही त्या कोपऱ्यात जमतो. डाग नीट दे आणि पाण्यात बुडवून फुंकून बघ, बुडबुडा दिसला तर पुन्हा डाग.

इंजिनाचं म्हणशील, तर कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरचं ऑरोरा २.५ सीसी डिझेल कुणाच्या जुन्या पेटीत सापडलं तर सोडू नकोस. ह्या इंजिनाला बॅटरी नको, इंधन पेटवायला तापत्या तारेचा ग्लोप्लग नको. ईथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्या भागांत मिसळलं की त्याचं इंधन तयार. वरचा स्क्रू काँप्रेशनचा, म्हणजे आतल्या दाबाचा, बाजूची नीडल इंधनाची. बोटाने प्रोपेलर झटकायचा. बोटाला जाड चामडी हातमोजा असू दे. ईथर आगीच्या आसपास अजिबात नको, आणि ते मिसळायचं ते उघड्या हवेत. तो जळलेल्या एरंडेलाचा वास तुला आठवतोय ना? मला आजही मैदानाच्या कडेला तो आला की पाय आपोआप तिकडे वळतात.

रेवाला हेही सांग की हा खेळ जगभर पसरवण्यात अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरचा मोठा वाटा. १९४० च्या सुमारास त्याने ‘फायरबॉल’ नावाचं विमान विकायला आणलं. तो एकाच वेळी तीन विमानं उडवून दाखवायचा: दोन दोन हातांत, तिसरं डोक्यावरच्या हँडलने! आजही स्पर्धा होतात. वेगाच्या एफ२ए प्रकारात तारा १७.६९ मीटरच्या असतात, कारण मग नऊ फेऱ्यांचा बरोबर एक किलोमीटर होतो. तिथली विमानं ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातात. हातात तेव्हा काय ओढ येत असेल, त्याचा हिशेब तिला करायला लाव.

उडवण्याआधी दोन कामं रोजची. एक, बेलक्रँकसकट तारा ओढून बघणं: विमान कुणी पक्कं धरायचं, हँडलच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावायचा आणि वजनाच्या दहापट, म्हणजे पाच किलो ओढायचं. तारेला पीळ किंवा घडी दिसली तर ती फेकून दे, सरळ करत बसू नकोस. दुसरं, वर बघणं. स्टीलच्या तारेतून वीज सहज धावते, म्हणून विजेच्या तारांजवळचं मैदान कितीही चांगलं असलं तरी सोडायचं. ढग गडगडायला लागले की तडक घरी. हँडलची दोरी मनगटात अडकवलेलीच हवी.

सोडताना वारा विमानाच्या शेपटीकडून येईल अशा जागी मदतनीस उभा कर. उलट्या घड्याळी फेरीत तिथून सुटलेलं विमान पाव फेरीत वारा जिकडे वाहतो त्या बाजूला पोहोचतं आणि वाराच त्याला बाहेर ढकलतो. रेवाने कोपर आणि मनगट ताठ ठेवून अख्खा हात खांद्यातून हलवायचा. नजर विमानावरच, मागची झाडं-इमारती बघितल्या की गरगरलंच. आणि तार हातात हलकी वाटली की क्षणाचाही विचार न करता एक पाऊल मागे! त्याने तार पुन्हा ताठ होते. इंजिन बंद पडल्यावर उतरवतानाही हेच पाऊल कामी येतं. हे तिच्याकडून मोकळ्या मैदानात, विमानाशिवायही घोटून घे.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन इकडे ये. बेलक्रँक आणि हँडल मी करून ठेवतो, सागाच्या पट्ट्याही सुताराकडून कापून घेतो. तू बाल्सा आण, पण निवडून: नखाने दाबलं तर सहज खड्डा पडणारा पंखाला, जरा टणक बॉडीला. पंखाची रुंदी किती धरताय ते आधी कळव, म्हणजे बेलक्रँकची जागा आखून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, रेवाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
नाना