शुगर बसली, मग गोळी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर मधुमेहावर येणारे लेख मी नेमाने वाचतो. गारगोटीजवळच्या एका गावात माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे वाचणे भागच आहे. लेख आला की त्यातला एखादा तरी मुद्दा काउंटरवर विचारला जातो. पण ते लिहिणाऱ्या डॉक्टर मंडळींच्या डोळ्यांसमोर कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीतला रुग्ण असावा, असे वाटत राहते. ओट्स खा, सॅलड खा, सकाळी ट्रॅकवर चाला. पहाटे धारा काढून, दूध डेअरीला घालून, वैरणीचा भारा डोक्यावरून घरी आणलेल्या माणसाला ‘रोज अर्धा तास चालत जा’ म्हटले तर तो तोंडावर हसत नाही, एवढेच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचे दिसले. शहरात शंभरात 16.4, खेड्यात 8.9. खेड्यात निम्म्याच्या आसपास, म्हणून कोणी निर्धास्त होईल. पण देशातली जास्त माणसे खेड्यातच राहतात, आणि त्याच पाहणीत उंबरठ्यावर असलेले आणखी 13 कोटी 60 लाख सापडले आहेत.

आमच्या भागात सगळ्यात जास्त घात होतो तो गोळी मध्येच सोडल्याने. रिपोर्ट चांगला आला की माणूस खुशीत दुकानावर येतो. “शुगर बसली न्हवं, मग गोळी कशाला खायची?” याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तरी हा प्रश्न शहाण्या माणसाचाच वाटतो. ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, हे आपणच त्याला शिकवले. जुलाब थांबले की औषध बंद. मग शुगरचेच तेवढे वेगळे का, हे त्याला कधी कुणी सांगितले? शुगर बसली आहे ती गोळी पोटात जाते म्हणून, गोळी थांबली की काही दिवसांत ती पुन्हा वर चढणार, एवढे दोन वाक्यांत सांगता येते. पण ओपीडीत मागे पन्नास माणसे उभी असतात, आणि चिठ्ठी इंग्रजीत असते.

उलट बाजूने, रिपोर्टचा दिवस कसा साधायचा हे मात्र लोकांना पक्के कळले आहे. आदल्या रात्री भात बंद, नुसत्या ताकावर झोपायचे, दोन-तीन दिवस गोळ्या अगदी वेळेवर. सकाळी उपाशीपोटीचा आकडा छान येतो, डॉक्टर खूश, रुग्ण खूश. मधल्या काळात काय झाले ते कोणालाच दिसत नाही. ते दिसते एचबीएवनसी या रक्ततपासणीत, जिला आमच्याकडे ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि त्यांना चिकटलेली साखर मोजून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. एका रात्रीच्या ताकाने ती फसत नाही. पण आमच्या जवळच्या सरकारी केंद्रात ती होत नाही, खासगी लॅबमध्ये पैसे पडतात, म्हणून बहुतेकांची ती एकदाही झालेली नसते.

खाण्याच्या बाबतीतही तसेच. चहातली साखर बहुतेकांनी मनापासून सोडली आहे. त्या बिनसाखरेच्या चहात चार बटर बुडवून खाल्ले जातात, आणि ते मैद्याचे असतात याची कोणाला फिकीर नाही. “गुळाला काय हुतंय, गूळ घरचा हाय,” हे तर रोजचे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो, कारण त्यात बहुतांश साखरच असते. भाताचे अवघड आहे. भुदरगड, आजरा, राधानगरीकडच्या माणसाला भात सोडा म्हणणे म्हणजे जेवूच नका म्हणण्यासारखे. एक वाटी कमी घ्या, सोबत घट्ट आमटी आणि उसळ वाढवा, असे सांगितले तर ऐकतात. हे सांगायचे मात्र घरातल्या सूनबाईला. ताट ती वाढते, आणि दवाखान्यात म्हाताऱ्याबरोबर तीच येत नाही.

पैशाचा विषय लेखांत येतच नाही. ऊसबिल जमा झाले की माझ्याकडे तीन-तीन महिन्यांच्या पट्ट्या एकदम जातात. बिल थकले (कायदा चौदा दिवसांत द्या म्हणतो, असो) की तेच गिऱ्हाईक दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कापून मागते. सकाळ-संध्याकाळची गोळी एकवेळची होते. जोडप्यात दोघांनाही शुगर असेल तर मावशी हमखास म्हणणार, “मालकांची द्या, माझी फुडच्या आठवड्याला न्हेते.” तो पुढचा आठवडा येतोच असे नाही. शुगरच्या सिटाग्लिप्टीन या औषधाचे पेटंट 2022 मध्ये संपल्यावर त्या गोळ्यांचे दर बरेच उतरले, जेनेरिकही मिळते. पण चिठ्ठीवर जुनाच महागडा ब्रँड पुढे चालू असतो आणि रुग्णाला तो बदलून मागायची भीती वाटते. मी माझ्या मनाने बदलून देऊ शकत नाही. डॉक्टरांनी एकदा विचारावे, ‘मामा, ही गोळी परवडते का?’

उपवासांवर मात्र आपल्या पानाने आषाढीच्या आधी एक लेख जरूर छापावा. शुगरच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटी असेल तर उपाशीपोटी शुगर धोकादायक उतरण्याची शक्यता कमी. ग्लिमेपिराइड या दुसऱ्या गोळीचे तसे नाही. ती घेऊन दिवसभर निरंकार राहिले तर दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे घडले की आमच्याकडे आधी ‘दृष्ट लागली’ म्हणतात किंवा ‘शुगर वाढली’ समजून आणखी एक गोळी देतात, जी जिवावर बेतू शकते. शुद्धीवर असलेल्या माणसाला अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, उतार नसेल तर परत द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळीचे काय करायचे हे आधी डॉक्टरांना विचारावे. पण विचारले की ‘उपवास करूच नका’ एवढेच उत्तर मिळते, म्हणून लोक विचारत नाहीत आणि उपवास करतात.

आता पायांचे. जुनी शुगर पायांची जाणीव घालवते. आधी मुंग्या, आग, मग काहीच कळत नाही. असा पाय पावसाळ्यात रोपलावणीच्या चिखलात दिवसभर राहतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, इतरांच्या हळद-तेलाने बऱ्या होतात, याच्या आत पिकत जातात. तोडलेल्या उसाचे बुडखे पायात घुसतात आणि रात्री पायाला रक्त दिसले की मगच कळते. नवी कोल्हापुरी चप्पल चावते हे आपल्याला चालता चालता समजते; त्याला फोड फुटल्यावर. नवरात्रात अनवाणी राहणारे, चैत्रात जोतिबाला अनवाणी जाणारे यांतही शुगरवाले कमी नाहीत. श्रद्धेला मी बोलणार नाही, पण डांबर तापलेले असते. माझ्याकडे मलमपट्टीचे सामान न्यायला येणारे बहुतेक आठ-पंधरा दिवस उशिरा येतात, आणि डॉक्टरांनी पाय कधी बघितला होता विचारले तर उत्तर एकच: “चप्पल काढाय कुणी सांगितलंच न्हाई.”

तिशीवरच्या प्रत्येकाची तपासणी करा, असा सरकारी कार्यक्रम आहे आणि आशाताई घरोघरी फिरून फॉर्म भरतात, हे मान्यच. जिल्हा आरोग्य खात्याला माझी विनंती त्यापुढची आहे. ज्यांचे निदान झाले आहे त्यांची तीन महिन्यांची शुगर वर्षातून दोनदा तरी तालुक्याच्या पातळीवर मोफत करावी, आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला गोळ्या देताना रुग्णाला बाकावर बसवून दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, बघावेत. पाय बघायला ना यंत्र लागते ना निधी.

आपला,
एक औषधविक्रेता
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर