बाबा, ‘बघू’ चालणार नाही

मुलुंड, मुंबई
२० सप्टेंबर

ति. आई-बाबांना सा. न.

फोनवर दोन मिनिटं झाली की बाबा ‘घे, आईशी बोल’ म्हणतात, म्हणून हे लिहून पाठवतेय.

बाबा, तुम्ही म्हणत होतात त्या उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीची मी खरंच चौकशी केली. गोविंदघाटाहून पुलनापर्यंत जीप मिळते, पण पुढे घांगरियापर्यंत दहाएक किलोमीटर चढ. दरी त्याच्याही पुढे तीन-चार किलोमीटर, आणि आत खेचरं नेऊ देत नाहीत. गुडघा अडला तर माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत, कंडीत बसायचं. बसाल तुम्ही? स्टेशनवर कुणी तुमची पिशवी धरली तरी ओढून घेता!

म्हणून मी केरळात मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान काढलंय. हिमालय नाही, कबूल. पण आहे आपलाच सह्याद्री, पार खालच्या टोकाचा. पाचवीत असताना तुम्ही मला कळसूबाईवर नेलंत, ती १,६४६ मीटर. इथलं आनमुडी शिखर २,६९५. आपण ते खालूनच बघायचं. गाडी पायथ्याशी सोडायची, वनखात्याच्या बसने राजमळ्यापर्यंत जायचं आणि पुढचा डांबरी चढ झेपेल तेवढा चालायचा. कठड्यावर टेकलात तरी नीलगिरी ताहर दिसतात. रानबकऱ्याच त्या, पण माणसाला फारशा बुजत नाहीत. वय झालेल्या नरांची पाठ म्हणे चंदेरी होते. आई, हसू नकोस.

पूर्वी हे चहामळेवाल्या साहेबांचं शिकारीचं रान होतं. १९७५ मध्ये अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान.

निळी कुरिंजी मात्र या खेपेला नाही. बारा वर्षांनी फुलते ती. २०१८ मध्ये फुलली, आता २०३० मध्ये. आपल्या कारवीची चुलतबहीणच, फक्त कारवीला सात वर्षं पुरतात. आपल्या जुन्या गोठ्याचा कुड कारवीचाच होता ना गं, आई? २०३० ला बाबा ऐंशीचे होतील. तेव्हाचं तेव्हा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरची पिल्लं होतात म्हणून उद्यान बंद असतं, पावसाळ्यात धुक्याशिवाय काही दिसायचं नाही. म्हणून डिसेंबरचा पहिला आठवडा. मी आणि चिनू कुर्ला टर्मिनसला नेत्रावतीत बसतो, तुम्ही रत्नागिरीला चढा. खालचे बर्थ तुमचे. एर्नाकुलमला एक रात्र मुक्काम, मग मुन्नारपर्यंत १३० किलोमीटर, त्यात शेवटी घाटच घाट. आई, आलेपाक तू घे, गाडी हळू चालवायला मी सांगेन. स्वेटर ट्रंकेतून काढून उन्हात टाक. लाडू एकच डबा. मागच्या वेळी तीन डबे मी वाहिलेत.

रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. बाबा, येत्या रविवारी फोन करेन तेव्हा हो किंवा नाही, एकच काय ते सांगा. आणि तोवर रोज देवळापर्यंत चालत जा, स्कूटरने नाही.

तुमची
सुमी