केबलवर ठेवलेला हात

पर्वरी, गोवा

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर घाईत एवढंच म्हणालो की ताईकडे न्यू जर्सीला होतो तेव्हा न्यूयॉर्कमधला ब्रुकलिनचा पूल बघून आलो. तेवढ्यावर माझं भागत नाही. तिथे तू सोबत हवा होतास. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, त्यानंतर बेतीच्या धक्क्यावर एका छत्रीत उभे राहून आपण किती वेळ पाण्याकडे बघत होतो, आठवतं? कालपर्यंत ज्याच्यावरून बस जायची तो पूल असा पडतोच कसा, हे तू काकांना विचारलंस आणि ते काहीच बोलले नाहीत. पुढे मोठेपणी कळलं, काँक्रीटच्या पोटातल्या ताण दिलेल्या तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. तेव्हापासून पूल म्हटला की मला आधी आतली तार आठवते.

ब्रुकलिनला पायी जाणाऱ्यांची वाट गाड्यांच्या वरून जाते, लाकडी फळ्यांची. मनोऱ्यापाशी मुख्य केबल डोक्यावर उंच असते. चालत मध्यावर यावं तशी ती खाली उतरत हाताशी येते. मी हात ठेवला. जाडी १५.७५ इंच, तुमच्या परसातल्या माडाच्या बुंध्याएवढी. वरून बारीक तार गच्च गुंडाळलेली आणि तिच्यावर रंगाचे थर. आत ५,४३४ तारा, पीळ न देता शेजारी शेजारी लावलेल्या. अशा चार केबल, आणि दोन मनोऱ्यांमधला गाळा १,५९५ फुटांचा. एवढ्या मोठ्या झुलत्या पुलाला पोलादी तार पहिल्यांदा इथेच वापरली. खाली खारं पाणी, म्हणून तारेला जस्ताचा मुलामा दिला. ही गोष्ट १८७० च्या दशकातली!

पूल बांधायला घेतला इंजिनिअर जॉन रोबलिंगने. १८६९ मध्ये तो काठावर जागेची पाहणी करत असताना फेरीबोट धक्क्याला लागली आणि त्याचं पाऊल मध्ये चेंगरलं. धनुर्वात होऊन तो गेला. बेतीला बोट लागताना त्या लाकडांचा जो कर्रकर्र आवाज यायचा, तो हे वाचताना माझ्या कानात आला. बत्तीस वर्षांचा मुलगा वॉशिंग्टन पुढे आला. मनोऱ्यांच्या पायासाठी नदीच्या तळाशी लाकडाची प्रचंड पेटी उपडी ठेवायची, तिच्यात दाबाने हवा भरून पाणी बाहेर ढकलायचं आणि आत माणसांनी माती खणायची, म्हणजे पेटी हळूहळू खाली बसत जाते. न्यूयॉर्कच्या बाजूची पेटी ७८ फुटांखाली गेली. त्या दाबातून झटकन वर आलेली माणसं सांधेदुखीने तळमळायची, काही दगावली. १८७२ मध्ये वॉशिंग्टनही त्यातच आजारी पडला. पुढची जवळपास अकरा वर्षं त्याने घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम पाहिलं. त्याची बायको एमिली गणित आणि बांधकामाच्या साहित्याची ताकद मोजण्याचं शास्त्र शिकली, रोज त्याच्या सूचना कामावर नेऊ लागली, इंजिनिअरांच्या शंकांना उत्तरं देऊ लागली. २४ मे १८८३ ला पूल खुला झाला. उद्घाटनाच्या भाषणांत तिचं नाव आलं हे वाचून बरं वाटलं, पण मला ते पुरेसं वाटत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. तारेच्या ठेकेदाराने फसवलं. तपासून पास झालेली भेंडोळी गाडीत चढायची, वाटेत उतरायची, त्यांच्या जागी रद्द केलेली यायची आणि चांगली पुन्हा तपासणीला जायची. १८७८ मध्ये हे उघडकीला आलं तोवर कितीतरी कच्ची तार केबलमध्ये बसली होती. ती काढणं अशक्य. वॉशिंग्टनने अंथरुणावर हिशेब केला: आराखड्यातच गरजेच्या सहापट ताकद धरली होती, ही खोट धरूनही पाचपट उरत होती. तरी त्याने प्रत्येक केबलमध्ये दीडशेच्या आसपास जादा तारा घालायला लावल्या, ठेकेदाराच्या खर्चाने.

दिनू, कुणीतरी कुठेतरी चुकेल, गंज लागेल, कुणी लबाडी करेल, हे कागदावर पूल उभा असतानाच गृहीत धरणारा माणूस मला फार मोठा वाटतो. आपल्या मांडवीवर ही जादा ताकद किती होती आणि दरवर्षी ती किती उरली हे कोण मोजत होतं, हा प्रश्न मला चाळीस वर्षं सोडत नाही. त्या दिवशी माणसं गेली.

ब्रुकलिनला मुख्य केबलखेरीज मनोऱ्यांवरून पंख्यासारख्या तिरप्या ताणतारा थेट रस्त्याला येतात. मुख्य केबलने दगा दिला तरी या तारांनी रस्ता धरून ठेवावा, असा थोरल्या रोबलिंगचा विचार होता. आपल्या मांडवीवरच्या अटल सेतूवर २०१९ पासून आपण ज्या तिरप्या तारांखालून जातो त्यांचंच हे जुनं रूप म्हण. तिथे मात्र दुसरी केबल नाही, रस्त्याचा तो भाग याच तारांनी पेलायचा. मी रोज जाताना त्यांच्याकडे बघतो. पावसात त्यांच्या टोकांशी पाणी कुठे साचतं का, याकडे नजर जातेच.

गणपतीला येशील तेव्हा पणजीहून बेतीला फेरीबोटीनेच जाऊ, पाण्यावरून तिन्ही पूल वर बघत. काकूंचा गुडघा आता कसा आहे ते कळव. वहिनींना नमस्कार. सोबत फोटो पाठवतोय, केबलवरचा हात माझा आहे, त्यावरून जाडीचा अंदाज घे.

तुझाच,
अनिल