दोघा अनोळखी मदतनीसांना ७३ (हॅम रेडिओवाल्यांच्या भाषेत 'शुभेच्छा')!

संगणकावर लॉगिंग सॉफ्टवेअर (रेडिओवरच्या गाठीभेटींची नोंदवही) उघडलं रे उघडलं, की रिग, म्हणजे माझा हॅम रेडिओ संच, आपोआप ट्रान्समिटला जायचा. मोर्स कीला हातही न लावता पीऽऽऽ! नशीब, अँटेनाऐवजी डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा) जोडलेला होता. खानापुरात असलं काही विचारायचं कुणाला?

४० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर भेटलेल्या एका ज्येष्ठ हॅमनी शांतपणे विचारलं, "कीइंग डीटीआरवर की आरटीएसवर?" मी गप्प. संगणक ज्या सिग्नल-तारांवरून रिगला मोर्स देतो, त्यांची ही नावं. यूएसबीला जोडलेल्या नऊ पिनांच्या सिरीयल प्लगात डीटीआर ४ नंबरला, आरटीएस ७ नंबरला. माझी तार ४ वर, आणि सेटिंगमध्ये डीटीआर 'सतत चालू'! तो पर्याय 'सीडब्ल्यू'वर (म्हणजे मोर्सवर) नेला, पीऽऽ बंद.

मग अँटेना जोडून ५० वॉट सोडले, तर डिट (मोर्सचे ठिपके) तुटायला लागले, यूएसबी पोर्टच गायब. बेळगावात खडेबाजारातल्या दुकानदारकाकांनी जुन्या मॉनिटरच्या वायरीची फेराइट कडी (वायरीत शिरणाऱ्या रेडिओ लहरी अडवणारी) काढून हातात ठेवली. "यूएसबी वायरीचे तीन वेढे घाल की ह्यातनं." पैसे? "जा रे, भंगारातली आहे ती."

काका, पोर्ट आता टिकतोय. आणि त्या ज्येष्ठांना: डा डा डिट डिट डिट, डिट डिट डिट डा डा, म्हणजे मोर्समध्ये ७३. मनापासून आभार.