मासा कसा मेला, यालाही भाव मिळू द्या

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तो निर्णय मला मनापासून पटला, म्हणूनच शेतीतली एक रीत बंदरावरही यावी असं वाटतं. आमच्या रत्नागिरीत झेल्याने देठासकट उतरवलेल्या आणि फांदी हलवून पाडलेल्या हापूसला कुणी एक भाव देत नाही. मासळीच्या लिलावात मात्र जात, आकार आणि वरवरचा ताजेपणा पाहून बोली लागते. मासा जाळ्यात किती वेळ तडफडला, हे कुणी विचारत नाही. दर्जा तर तिथूनच घसरायला लागतो.

सुटण्यासाठी झगडताना माशाच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन भराभर संपतं आणि लॅक्टिक आम्ल साठतं. पेशींना ताकद पुरवणारं एटीपीही खर्च होतं. असा दमलेला मासा मेल्यावर लवकर ताठ होतो, आणि ताठरपणा लवकर उतरला की मऊ पडतो. मांसाचे पदर सुटतात, पाणी गळतं. एटीपी मोडताना आधी आयएमपी तयार होतं, ताज्या माशाची गोडी बरीचशी त्याची. पुढे त्याचं हायपोझँथिन होतं आणि चव कडवट होत जाते. शांतपणे पकडून लगेच मारलेल्या माशात ही सगळी साखळी उशिरा सुरू होते. बर्फ तिचा वेग कमी करतो, पण खर्च झालेली ताकद माशात परत भरू शकत नाही.

ट्रॉलचं जाळं तासन् तास ओढलं जातं. आधी शिरलेले मासे मागच्या पिशवीत चेंगरत राहतात, खवले निघतात, रक्त साकळतं. तळापर्यंत सोडलेल्या गिलनेटमध्ये अडकलेला पापलेट कल्ले दाबले गेल्याने गुदमरतो आणि जाळं वर येईपर्यंत कोमट पाण्यात मरून पडलेला असतो. त्याच पाण्यातली गरीवर काढून लगेच रक्त वाहू दिलेली, बर्फात ठेवलेली सुरमई कापून बघा, फरक सुरीलाही कळतो.

बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत तर प्रश्न आरोग्याचा आहे. या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मेलेला मासा उष्ण हवेत राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य करतात, आणि एकदा झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही. जाळ्यात मरून पडलेल्या माशाचं घड्याळ डेकवर येण्याआधीच चालू झालेलं असतं.

यात खलाशांना दोष देऊ नये. रात्रभर जाळी ओढणाऱ्या माणसाला टोपलीमागे तेवढाच पैसा मिळणार असेल, तर एकेक मासा हाताळायला तो वेळ कुठून काढणार? जपानमध्ये मोठ्या माशाच्या मेंदूत टोचून त्याला क्षणात मारतात, रक्त काढतात, पाठीच्या कण्यात तार घालतात. या पद्धतीला इकेजिमे म्हणतात. ती टिकली, कारण तिथलं गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे मोजतं. आपल्याकडे टनभर बांगड्याला हे करता येणार नाही, हे मला माहीत आहे. सुरमई, घोळ, कुपा अशा मोठ्या माशांना मात्र नक्की करता येईल.

आजवरचा बहुतेक खर्च जेट्टी, बर्फ कारखाने, शीतगृहं यांवर, म्हणजे मासा मेल्यानंतरच्या सोयींवर झाला. तो हवाच. त्याच्या जोडीला एका बंदरात प्रयोग करा. लिलावाच्या नोंदीत मासा कोणत्या जाळ्यातून किंवा गळातून आला, जाळं किती वेळ पाण्यात होतं आणि रक्त काढलं का, एवढंच लिहिलं जावं. गळाच्या मासळीची बोली वेगळी लागावी. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाला आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेला त्या मासळीची ताजेपणाची चाचणी करू द्या आणि निकाल तांडेलांसमोर, म्हणजे बोटींच्या प्रमुखांसमोर, मराठीत मांडा. छोट्या बोटींना उष्णतारोधक पेट्यांसाठी अनुदान द्या. पावसाळी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात आणि तांडेल घरी असतात. प्रशिक्षण तेव्हाच ठेवलं, तर कुणाची मजुरी बुडणार नाही.

बंदर कोणतं निवडायचं ते तुम्ही ठरवा. मिरकरवाडा निवडलंत, तर पहिल्या लिलावापासून नोंदी लिहायला मी येईन.

आपला,
रत्नागिरीचा एक मासळी व्यावसायिक