१४२८५७ आणि आपले कापरेकर

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार. परवा लेक सातवीचा गणिताचा अभ्यास करत होती, लाइट बिलाच्या मागच्या बाजूला १ ला ७ ने भागत बसली, भागाकार काही संपेना, १४२८५७ झालं की परत १४२८५७. तिला वाटलं चुकलं. मी म्हटलं चुकलं नाही, आता याला २ ने गुण. २८५७१४. ३ ने, ४२८५७१. तेच सहा आकडे, क्रम तोच, फक्त सुरुवात वेगळी! ६ पर्यंत असंच चालतं आणि ७ ने गुणलं की थेट ९९९९९९. कारण बाकी बघितली की कळतं, ३, २, ६, ४, ५, १ अशी सगळ्या बाक्या एकेकदा येतात आणि चक्र परत सुरू होतं.

पण मला खरं वेड लावलं ते वर्गाने. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. याचे दोन तुकडे करा, २०४०८ अधिक १२२४४९, उत्तर परत १४२८५७! अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात आणि हे गणितज्ञ द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात झालं. पुढे देवळालीला शाळामास्तर. लेकीच्या वर्गात हे नाव कुणालाच माहीत नाही हो, मला फार वाईट वाटलं.

तुमच्या मुलांच्या पानावर दर रविवारी अशी एक संख्या द्याल का?

– एक पालक, नौपाडा, ठाणे