घड्याळ चालतंय, तरीही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

घड्याळाचे फोटो मिळाले. मोठे करकरून पाहिले. चावीचं घड्याळ, सहाच्या आकड्याजवळ सेकंदाची वेगळी छोटी तबकडी, कडेला पिवळी पडलेली डायल आणि तिच्यावर बारीक अक्षरांत १७ ज्युएल्स, म्हणजे आत माणकाचे सतरा खडे. मला आवडलं. तू विचारतोस, चावी दिली की दिवसभर बिनतक्रार चालतं, मग सर्व्हिसिंगची घाई कशाला? डायल मात्र लगेच नव्यासारखी करून घ्यावी म्हणतोस. माझं मत नेमकं उलटं आहे. आतलं काम आत्ता व्हायला हवं आणि दर्शनी भागाला कुणाचा हात लागता कामा नये. आतलं काम होईपर्यंत चावी देऊ नकोस.

चालतंय म्हणजे ठीक आहे, या समजुतीपायी फार घड्याळं वाया जातात. तुझ्यासारखी जुनी चावीची घड्याळं बहुधा तासाला १८,००० ठोके देतात. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. वर्षभर वापरलंस तर पंधरा कोटींच्या वर. हा सगळा व्याप बॅलन्सच्या, म्हणजे मागे-पुढे झोके घेणाऱ्या चाकाच्या, दांड्याच्या दोन टोकांवर तोललेला असतो आणि ती टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, कधी त्याहूनही बारीक असतात. प्रत्येक टोकाशी तेलाचा एक कण. काही वर्षांत हे तेल आटतं, चिकट होतं, त्यात धूळ आणि धातूचा चुरा मिसळतो, आणि जे घासणं थांबवायला घातलं होतं तेच घासायला लागतं. शिवणयंत्र कोरडं पडलं की खडखडून सांगतं. घड्याळ सांगत नाही. मेनस्प्रिंगला, म्हणजे चावी दिली की गुंडाळली जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगला, इतका जोर असतो की ती कोरड्या चाकांनाही रेटत राहते. टिकटिक तशीच येते, काटे वेळही जवळपास बरोबर दाखवतात, आणि आत पोलादी टोकांवर खाचा पडत जातात. माझ्यापुढे दोन जुनी घड्याळं आली, एक कैक वर्षं बंद असलेलं आणि दुसरं रोज मनगटावर असलेलं पण कधीच न उघडलेलं, तर मला पहिल्याबद्दल जास्त आशा वाटते. फक्त आत गंज नसावा.

१७ ज्युएल्स आहेत म्हणून निर्धास्त होऊ नकोस. हिशेब बघ. बॅलन्सला पाच, पॅलेट फोर्कला, म्हणजे ठोक्याठोक्याला चाक अडवून सोडणाऱ्या दुबेळक्याला, चार, आणि एस्केप व्हील (तो अडवतो ते चाक), चौथं, तिसरं व मधलं चाक यांना प्रत्येकी दोन. झाले सतरा. ज्या बॅरलमध्ये मेनस्प्रिंग गुंडाळलेली असते आणि जिथे सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे एकही खडा नाही. तिथे पोलादी दांडा सरळ पितळी छिद्रात फिरतो. तेल संपलं की ते छिद्र हळूहळू लांबट होतं, बॅरल कलतं आणि प्लेटला घासू लागतं. खड्यांच्या किमतीबद्दलही गैरसमज नको. माणकाला भोक पाडून त्यात दांडा फिरवण्याचं पेटंट लंडनमध्ये १७०४ साली घेतलं गेलं. पण ऑग्यूस्त वेर्नई यांनी १९०२ मध्ये ज्वालेत माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यावर ही माणकं कृत्रिमच असतात. त्यांचं मोल कठीणपणात आहे, आणि घाण साचलेल्या भोकात तोच कठीणपणा टोकाच्या मुळावर येतो.

मग बाहेरून कळायचं कसं? टाइमग्राफरवर ठेवून. हे यंत्र ठोके ऐकतं आणि तीन गोष्टी सांगतं: घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं, जाता-येतानाचे ठोके सारख्या अंतरानं पडतात का, आणि बॅलन्स किती अंशांचा झोका घेतो. लोक पहिलाच आकडा बघतात. मी आधी झोका बघते. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर करून ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३०० अंश झोका घेतं. तेच उभं धरलं की झोका थोडा उतरतो, ते स्वाभाविक आहे. पण सपाट ठेवूनही २०० च्या आसपास घुटमळत असेल तर वेळ कितीही बरोबर असो, आत काही तरी अडतंय. झोका मोजताना त्या घड्याळाच्या मशीनचा, म्हणजे आतल्या यंत्रणेचा, लिफ्ट अँगल (फोर्कशी संपर्क असताना बॅलन्स जितके अंश फिरतो तो कोन) टाइमग्राफरला बरोबर सांगावा लागतो. बऱ्याच मशीनमध्ये तो ५२ अंश असतो, सगळ्यांत नाही. चुकीचा आकडा भरला तर आजारी घड्याळही ठणठणीत दिसतं.

तुझं घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे जातं, हे तू जाता जाता लिहिलंस. मला त्यात चुंबकाचा संशय येतो. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स घाई करायला लागतो. बॅगेचं चुंबकी बटण, टॅब्लेटचं कव्हर, स्पीकर, यांपैकी काहीही पुरतं. माझ्याकडे आणलंस की होकायंत्र घड्याळाजवळ धरून बघू. ठोक्यांबरोबर सुई थरथरली तर नक्की समज. चुंबक उतरवायचं साधं यंत्र मिळतं आणि काम काही सेकंदांचं असतं. वेढे तेलानं चिकटले असले तर मात्र धुण्याला पर्याय नाही.

आता तू घड्याळ स्वतः उघडायचं म्हणतोस त्याबद्दल. हे घड्याळ तू उघडू नयेस, आणि याचं कारण तुझा हात नाही. काट्यांच्या पोकळीत तपकिरी पट्टी भरलेली दिसते आणि प्रत्येक आकड्याबाहेर तसलाच ठिपका आहे. डायलच्या तळाशी टी हे अक्षर कुठे दिसत नाही. ते असतं तर त्या रंगात ट्रिटियम हा सौम्य किरणोत्सारी पदार्थ आहे म्हणता आलं असतं. १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियम हा किरणोत्सारी धातू घालत. आता ते चमकत नाही म्हणून संपलं असं नाही. त्यातलं उजेड देणारं झिंक सल्फाइड मेलंय, म्हणून उजेड गेला. रेडियम-२२६ निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. बंद काचेआड मनगटावर असताना ते जेवढं धोक्याचं आहे त्याहून कितीतरी जास्त, रंगाचा भुगा सुटून श्वासात किंवा पोटात गेला तर आहे. असाच रंग भरताना ब्रशचं टोक ओठांनी सारखं करणाऱ्या कामगार मुली गेल्या शतकाच्या सुरुवातीला जबड्याच्या आणि हाडांच्या आजारांनी मेल्या. म्हणून मागचं झाकणसुद्धा घरच्या टेबलावर उघडू नकोस. माझ्याकडे आण. मी हातमोजे आणि मास्क घालून, वेगळ्या ट्रेमध्ये उघडेन, आणि मीही तो रंग खरवडणार नाही.

डायल न करण्याचं हे एक कारण. दुसरं असं की जुन्या डायलवरचा लॅकर आणि छपाई इतकी नाजूक असते की ओलसर कापडानंही अक्षरं निघून येतात, आणि एकदा गेली की गेली. नवीन छापलेल्या डायलवर अक्षरांची जाडी बदलते, मिनिटांच्या रेघा सेकंदाच्या तबकडीशी जुळत नाहीत. पिवळेपणानं यंत्राचं काही बिघडत नाही. केसचंही तेच. चाकावर धरून चकाकी आणली की कडा गोल होतात आणि झिजलेला धातू परत येत नाही. काच ॲक्रिलिकची आहे, तिच्यावरचे ओरखडे मात्र पॉलिशनं खुशाल घालवू. ती बदलताही येते.

सर्व्हिसिंग म्हणून जे खपवलं जातं त्याचीही तुला ओळख असू दे. अख्खी मशीन पेट्रोलमध्ये बुडवायची, फुंकर मारायची आणि वरून तेलाचे थेंब सोडायचे. यानं घड्याळ काही दिवस छान पळतं. पण जुना चिकटा खड्यांमागेच राहतो आणि सुटलेली घाण नव्या तेलात मिसळून भलतीकडे पोचते. खरं काम म्हणजे मशीन पूर्ण सोडवायची. बॅलन्सच्या टोपणाचे खडे, म्हणजे दांड्याच्या टोकांवर झाकणासारखे बसणारे, वेगळे करायचे. प्रत्येक भोक टोकदार लाकडी काडीनं साफ करायचं आणि काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत टोक पुन्हा पुन्हा तासायचं. पॅलेट फोर्कचे खडे लाखेनं चिकटवलेले असतात, त्यामुळे फोर्क अल्कोहोलमध्ये ठेवायचा नाही. लाख विरघळते आणि खडा सुटतो.

तेल घालणं हा या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. वेगानं आणि हलक्या भारानं फिरणाऱ्या टोकांना पातळ तेल, बॅरल आणि मधल्या चाकाला घट्ट, चावीच्या सरकत्या भागांना ग्रीस. टोपणाच्या खड्याखाली तेलाचं वर्तुळ खड्याच्या निम्म्याहून थोडं मोठं दिसलं की पुरे. जास्त झालं तर ते जागेवर थांबत नाही, कडेकडेनं ओढलं जातं आणि टोक कोरडंच राहतं. त्याहून महत्त्वाचं, कुठे घालायचं नाही ते. चाकांच्या दात्यांना नाही. हेअरस्प्रिंगला तर नाहीच. पॅलेट फोर्कच्या दांड्यालाही नाही, कारण तो एवढासाच हलतो की तेलाचा चिकटपणाच त्याला जड जातो. फोर्कच्या खड्यांच्या तोंडाला मात्र जरासं लागतं.

मेनस्प्रिंग मी बदलणारच. जुन्या निळ्या पोलादी स्प्रिंगा वर्षानुवर्षं गुंडाळून राहून मरगळतात. बाहेर काढल्यावर नव्या स्प्रिंगसारख्या उलट्या दिशेला उसळत नाहीत. नवी घेताना जाडी तंतोतंत हवी. जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दहा टक्के जाड स्प्रिंग जवळजवळ तेहतीस टक्के जास्त जोर देते. मग बॅलन्सचा झोका इतका मोठा होतो की त्याची पिन फोर्कला मागून आपटते आणि घड्याळ घोड्यावर बसल्यासारखं पुढे धावतं. कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा, नंबर बॅलन्सखाली कोरलेला सापडला की योग्य माप मागवता येईल.

तुला शिकायचंच आहे, याचा मला खरोखर आनंद आहे. त्यासाठी युनिटास ६४९७ च्या धर्तीची स्वस्त मशीन घे. खिशातल्या घड्याळासाठी बनलेली, ३६.६ मिलिमीटरची, सगळे भाग डोळ्यांना दिसतील एवढे. काही खोलण्याआधी मेनस्प्रिंगचा जोर उतरव: क्राऊन, म्हणजे चावी द्यायची कडेची गोटी, अंगठा आणि बोटात घट्ट धर, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) लाकडी काडीनं बाजूला कर आणि क्राऊन बोटांतून हळूहळू उलटा फिरू दे. जोर असताना फोर्क काढलास तर सगळी चाकं एकदम सुसाट सुटतात आणि टोक किंवा दाता मोडतो. क्राऊन व्हीलचा (क्राऊन फिरवल्यावर फिरणाऱ्या चाकाचा) स्क्रू बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. डोक्यावर तीन रेघा दिसल्या तर तो उलटाच समज. न दिसल्या तरी दोन्ही दिशांना हलकेच जोखून बघ, नाहीतर डोकं तुटून हातात येईल.

जोडताना सगळ्यात अवघड बॅलन्स. त्याची पिन फोर्कच्या खाचेत जायला हवी आणि खालचं टोक खड्यात बसायला हवं, तेही एकाच वेळी. वरचं कॉक, म्हणजे बॅलन्सला वरून धरणारी पट्टी, ठेवलंस की स्क्रू लगेच आवळू नकोस. बोटानं हलकं दाबून धर, मशीनला जरासा झोका दे, आणि बॅलन्स मोकळा डोलला तरच आवळ. अडकल्यासारखा वाटला आणि तरी आवळलास तर टोक मोडेल. तिथे अडलास तर फोन कर, पण स्क्रू आवळण्याआधी कर.

तुझी,
आई